आबांचे नवे कान

आबांना नवे कान आले आणि घराला जणू वाचा फुटली. उमेदीची सारी वर्षं छापखान्यात यंत्राशेजारी गेल्यामुळे त्यांचे जुने कान केव्हाच कामातून गेले होते. डोक्याशी ढोल बडवला तरी पत्ता लागत नसे. नवी श्रवणयंत्रं शेंगदाण्याएवढी, पण भारी तिखट. नळाची टपटप ऐकून आबा हरखायचे, पावलांवरून माणूस ओळखायचे. सूनबाई फोनवर कुणाच्या नावानं बोटं मोडते तेही त्यांना आता कळू लागलं होतं, त्यामुळे तिची जरा पंचाईत झाली होती.

यंत्रं आणली होती ती नातीसाठी. तिचा आवाज इतका खणखणीत की घरात सगळे तिला टिटवी म्हणायचे. शुक्रवारी संध्याकाळी शाळेत ती पहिल्यांदा एकटी गाणार होती, आणि आबांनी तिचं गाणं अजून एकदाही ऐकलं नव्हतं. "तिथेच ऐकणार, आधी नाही," असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. टिटवी आठवडाभर न्हाणीघरात दार लावून सराव करत होती.

सूनबाई घरूनच काम करायची. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल ऐकायचे आणि टाइप करायचे. तिचा ऑफिसचा कॉम्प्युटर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावरच्या कुलूपबंद खोलीत, बाकीच्यांच्या कॉम्प्युटरांबरोबर दिवसरात्र चालू असायचा. घरच्या पडद्यावर ती तिकडचा पडदा उघडायची. पायाखाली एक पेडल. दाबलं की डॉक्टर बोलणार, सोडलं की गप्प. पेडल जोडलेलं घरच्या कॉम्प्युटरला, पण चालायचं तिकडच्यावर. जोडणी करताना एक चौकट विचारायची, इथली कोणकोणती उपकरणं तिकडे द्यायची? दिलेलं उपकरण इकडे मुकं व्हायचं आणि तिकडे जागं व्हायचं. सूनबाईनं पहिल्याच दिवशी कंटाळून 'सगळी, नंतर जोडाल तीसुद्धा' यावर खूण केली आणि विषय मिटवला.

त्या ऑफिसात सगळ्यांनाच आणखी एक खोड होती. लॉग आउट म्हणून कुणी करायचंच नाही. केलं की तिकडचा कॉम्प्युटर कधी कधी झोपी जायचा आणि बिचाऱ्या वॉचमनला जिने चढून त्याला उठवावं लागायचं. म्हणून काम संपलं की सगळे कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून चौकट मिटवायचे. इकडून बंद दिसायचं, तिकडे चालूच असायचं.

बुधवारी उकाडा मी म्हणत होता. आबांनी फोनच्या चार्जरवर चालणारा आपला वीतभर पंखा आणून सूनबाईच्या कॉम्प्युटरला खुपसला. पंखा ढिम्म हलेना.

"बिघडला वाटतं," आबा म्हणाले.

तेवढ्यात वॉचमनचा फोन. "मॅडम, वरच्या खोलीत कुणाचा पंखा राहिलाय का चालू? दाराच्या फटीतून वारा येतोय."

सूनबाई पोट धरून हसली. पंख्याला कुठली अक्कल? उपकरण तिकडे जायचं तर त्याला कॉम्प्युटरशी चार शब्द बोलता यायला हवेत; हा नुसता वीज खाणारा प्राणी. तिनं पंखा उपसून भिंतीच्या बोर्डात लावला. तो भुर्रकन फिरला.

"थांबला मॅडम," वॉचमन म्हणाला.

"योगायोग हो काका," ती म्हणाली, आणि पुन्हा टाइप करायला लागली.

शुक्रवारी दुपारी भिंतीचा बोर्ड इस्त्रीनं अडवला होता. टिटवीचा निळा फ्रॉक कडक व्हायचा होता. आबांनी कानांची चार्जिंगची डबी सरळ कॉम्प्युटरला जोडली आणि आडवे झाले. तास-दीड तासानं उठून त्यांनी यंत्रं कानात घातली. डबीवरचा दिवा हिरवागार होता.

"आबा, चहा?"

आबांनी मान वळवली नाही.

"आबा!"

ते भुवया उंचावून भलतंच काही ऐकत होते. "केवढी मोठी खोली आहे गं," ते म्हणाले. "नुसती घूं घूं चाललीय. आमच्या छापखान्यासारखी, पण हळू."

सूनबाईनं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'माझं ऐकू येतंय?'

"नाही बुवा. तुझे नुसते ओठ हलतायत." मग ते खुदकन हसले. "पण तो गुणगुणतोय ते छान येतंय ऐकू."

'कोण?'

"ते काय मला ठाऊक? तुमच्यातलाच असेल कुणी."

सूनबाईला काळजी लागली ती श्रवणयंत्रांची. अडीच तासांवर कार्यक्रम, आणि आबांचे कान भलतीकडे! दुकानात फोन लावला तर कुणी उचलेना. शेवटी मनाची खात्री करावी म्हणून स्वयंपाकघरात जाऊन तिनं वॉचमनला फोन केला.

"काका, जरा वरच्या दारावर टकटक करता?"

जिन्यावरची पावलं, धाप, मग खोकला फोनवर ऐकू आला. बाहेरच्या खोलीतून आबा मोठ्यानं म्हणाले, "कुणाला तरी जबर खोकला झालाय गं. आणि दार वाजवतंय कुणीतरी."

सूनबाई दारातच उभी राहिली. फोन कानाला तसाच.

"उघडा काका," ती हळूच म्हणाली.

किल्ली फिरल्याचा आवाज आला. "मॅडम, कुणी नाही इथं. खुर्च्या आहेत नुसत्या. कुलूपही बाहेरूनच होतं की."

आबांनी ओठांवर बोट ठेवलं होतं. डोळ्यांत लहान मुलासारखी गंमत.

"श्श," ते पुटपुटले. "श्वास रोखून बसलाय तो. म्हणतो, ह्यांना जाऊ दे, मग पुढची गोष्ट सांगतो."

वॉचमननं दार ओढून घेतलं. आबा पुन्हा हसायला लागले, मांडीवर थाप मारून. किती वर्षांत ते असे हसले नव्हते! एवढ्या धास्तीतही सूनबाईला ते बघून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

'काय सांगतोय?' तिनं लिहिलं.

"अगं, गमत्या आहे एक नंबरचा. एक माणूस राहायला जागा शोधत दारोदार हिंडतोय, त्याची गोष्ट. प्रत्येक घरात त्याला काहीतरी नवीन सबब सांगतात." आबांनी डोळे पुसले. "मला म्हणाला, तुम्ही घरात किती जण? म्हटलं तिघं. मुलगा फिरतीवर असतो, त्याचा पलंग रिकामाच."

सूनबाई खुर्चीत जाऊन बसली. सगळी उपकरणं, नंतर जोडाल तीसुद्धा. फुलीवर टिचकी मारून उपयोग नव्हता. आतून बाहेर पडायला हवं होतं. तिनं लॉग आउटवर बाण नेला.

"थांब गं!" आबांनी तिचा हात धरला. "शेवटाला आलाय तो!"

तिनं दुसऱ्या हातानं लिहिलं, 'टिटवी.'

आबांनी कागदाकडे पाहिलं. मग हात सोडला.

तिनं टिचकी मारली.

पडदा काळा झाला. पायाखालच्या पेडलचा इवलासा दिवा लागला. ते परत घरचं झालं होतं. आबांनी डोकं हलवलं, कान चोळले.

"इस्त्री चालू राहिलीय तुझी," ते म्हणाले. "चरचरतेय."

सूनबाईनं त्यांच्या गळ्यातच पडायचं बाकी ठेवलं.

कार्यक्रम झक्क झाला. टिटवी एकदाही अडखळली नाही. आबा पहिल्या रांगेत ताठ बसले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. टाळ्या थांबल्यावरही ते एकटेच वाजवत राहिले, मग टिटवीच लाजली. घरी येताना त्यांची कुरकुर एवढीच, की त्या गोष्टीचा शेवट तेवढा राहिला.

"मी सांगते दुसरी," टिटवी म्हणाली.

"त्याची सर नाही यायची," आबा म्हणाले.

शनिवारी सकाळी सूनबाईनं चौकटीतली ती खूण काढून टाकली आणि फक्त पेडल ठेवलं. दुपारी आबांनी यंत्रं काढली, डबीत घातली, डबी भिंतीच्या बोर्डात लावली. कॉम्प्युटर बंद होता. खिडकीतून ऊन येत होतं, टिटवी जमिनीवर चित्रं रंगवत होती.

आबा पलंगावर आडवे झाले आणि थोड्या वेळानं खो खो हसायला लागले.

सूनबाईनं दारातून डोकावलं. डबीचा दिवा अजून तांबडा होता. दोन्ही यंत्रं आतच होती.

"मिळाली बरं का त्याला जागा!" आबा आढ्याकडे बघत म्हणाले.

"आबा?" तिनं हाक मारली. अर्थातच त्यांना ती ऐकू गेली नाही.

"अरे, पण जरा लांबून बोल की," आबा हसत हसत म्हणाले आणि त्यांनी कान चोळला. "फुंकर लागते."

मग ते भिंतीकडे थोडे सरकले, आणि शेजारी एका माणसापुरती जागा करून दिली.