आतली शिलाई

शहाड स्टेशनपासून पाच मिनिटांवर माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं झाली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, गिऱ्हाइकांवर तर त्याहून नाही. ‘उद्याच हवंय’ म्हणणारी बाई महिन्याने उगवते. तेव्हा हे मापं घेणाऱ्या बाईचं बोलणं समजा, मला काही रचून सांगता येत नाही.

माया माझी जुनी गिऱ्हाईक. कोलशेतला कंपनीत पॅकिंगला आहे, सकाळी सहाला घर सोडते. तिची एकुलती एक सान्वी बारावीला. सान्वीचे कपडे शिवताना मी दोन्ही बाजूंना चांगलं दीड इंच मार्जिन ठेवायची. वाढत्या मुलीला ठेवावंच लागतं. पुढच्या वर्षी उसवलं की कपडा सैल होतो.

जूनमध्ये सान्वी एकटीच आली. कुर्ते आत घ्यायचे होते. मी फिटिंग करून दिलं आणि वर म्हटलं, “काय मस्त बारीक झालीस गं! आम्हालाही सांग की काय करतेस ते.” ती खूश झाली. ऑगस्टमध्ये परत आली, मी परत तेच म्हटलं. आम्ही टेलर बायका बारीक होणारीचं कौतुक करतो आणि जाड होणारीला मार्जिन संपलं म्हणून चिडवतो, सवयच आहे ती. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ऑक्टोबरच्या भर उकाड्यात ती आली तेव्हा अंगात स्वेटर होता.

“काकू, कुर्ता घट्ट होतोय. रोज थोडा थोडा. मी तर काही खात पण नाहीये, तरी.”

“येडी आहेस का? मागच्या वेळी मीच तर आत घेतलाय,” म्हणत मी स्वेटर काढायला लावला आणि टेप लावली. अंग आणखी उतरलं होतं. हात फ्रीजमधल्या बाटलीसारखे गार. दंडावर बाळाच्या कानावर असते तशी बारीक लव आलेली. टेप काढली तर तिच्याबरोबर केसांचा पुंजका आला.

पण कुर्ता खरंच घट्ट होता. काखेत रुतून लाल वळ उठले होते.

तिला माझी ओढणी देऊन कुर्ता उतरवून घेतला आणि उलटा केला. माझ्या मशीनच्या टिपेच्या आत एक हाताची शिलाई होती. तिच्या आत आणखी एक. एकूण अकरा. इतके बारीक टाके मला या जन्मात जमायचे नाहीत.

“कोणी घातले गं हे?”

“आमच्याकडे सुई पण नाहीये, काकू. बटण तुटलं तरी मम्मी तुमच्याकडेच पाठवते.”

खरं होतं ते. मी एक टाका नखाने उचलला. दोरा नव्हताच. लांब काळा केस होता.

मी अकराही शिलाया उसवल्या. तिला दुसरा ड्रेस घालून घरी पाठवलं आणि कुर्ता कपाटात कुलूप लावून ठेवला. किल्ली माझ्या कमरेला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास कपाट उघडलं तर तीन नव्या शिलाया होत्या.

माझी भाची निशा कल्याणला नर्स आहे. तिला मी त्या शिलायांचं सांगितलं नाही, बाकी सगळं सांगितलं.

“आत्या, पाळी येते का तिला?”

“चार महिने नाही, म्हणाली.”

निशाचा आवाज बदलला. “हा खाण्याचा आजार आहे. कोणी खाणंच सोडतं, कोणी खाऊन ओकून काढतं, कोणाला खाणं थांबवताच येत नाही. नखरे नाहीत हे, जीव जातो यात. आजच तिच्या आईला सांग.”

माया कामावरून आली तशी मी तिला गाठली.

“अहो ताई, काहीतरीच काय! रोज डबा रिकामा येतो तिचा.”

“खरकटा येतो?”

“नाही, धुऊन आणते. शहाणी आहे माझी पोर…” बोलता बोलता माया तशीच घराकडे पळत सुटली.

दोन दिवसांत सान्वीला ॲडमिट केलं. नाडी फार मंद चालत होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, पण पहिला आठवडा जपावं लागेल.

चौथ्या दिवशी दुपारी मायाचा फोन आला.

“ताई, खाल्लं तिने! दोन चमचे वरणभात. रडत रडत, पण खाल्ला.”

मला रडूच फुटलं. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं, तरी.

“आता तिसरा घास भरवतेय,” माया म्हणाली, “पण ती तोंडच उघडत नाहीये.”

“घाई नको करू गं. हळूहळू उघडेल.”

“तसं नाही. उघडायला बघतेय ती. डोळ्यांनी सांगतेय मला.”

मी हातातलं काम खाली ठेवलं.

“ओठाच्या कोपऱ्यात केस चिकटलाय एक. मघापासून काढतेय. निघतच नाहीये तो.”

“ओढू नकोस, माया,” मी म्हटलं. “मी कात्री घेऊन येते.”