कर्सर मिटायच्या आत

"वजनाचा काटा तिकडे आहे, पहिले तो पाहा," भूमेश्वरी मान वर न करता म्हणाली.

"काट्याचं मला काय समजते? मी संगणकवाला... हिमांशू. गोंदियाहून आलो."

तिनं वर पाहिलं. त्याच्या केसांत धानाचा भुसा, ओठांत दाबलेलं हसू... देवरीच्या त्या धान खरेदी केंद्रात तिचं बोट कीबोर्डच्या भलत्याच कळीवर पडलं.

त्याला आता आठवडा झाला. तिचा सी भाषेतला जुना प्रोग्राम नव्या डेटाबेसवर चालवून दिला, की हिमांशू रायपूरला नव्या नोकरीवर जाणार. प्रोग्राम मात्र अडून बसलेला. पहिल्या शेतकऱ्याचा मोजणीचा नंबर लावी, दुसऱ्यापाशी थांबे.

आज ढग खाली उतरलेले, धानाचे ढीग उघडे. बाई गं, जीव कुठं ठेवावा!

"ओ मॅडम, नंबर कधी निघन?" लाइनीतला खेमराजभाऊ खिडकीतून ओरडला.

आणि त्याच क्षणी तिला कारण दिसलं. सांगावं? सांगितलं तर तो आजच्याच बसनं... तिनं ढिगांकडे पाहिलं.

"मी एकेक नंबर लागला की कमिट करते, म्हणजे नोंद पक्की. कर्सर म्हणजे यादीवरचं बोट. जुन्या डेटाबेसात कमिटनंतरही ते जागेवर राहे. हा नवा डेटाबेस कर्सरच मिटवून राहिला!"

"मग कमिट शेवटी एकदाच करू."

"अन् मधातच लाइट गेली तं? साऱ्या नोंदी जातीन. शिव्या मले पडते, तुम्हाले नाही."

तो हसला. "बरं, 'विथ होल्ड' लिहितो. कमिटनंतरही कर्सर उघडा राहील."

नव्या डेटाबेसनं तेही नाकारलं. ती पुढं वाकली. "ते ओळी अडवून धरणारं 'फॉर अपडेट' काढा. दोन्ही सोबत चालत नसन इथं."

"इतकी घाई? मला घालवायची?"

तिनं खिडकीबाहेरच्या ढगांकडे बोट दाखवलं. त्यानं ते काढलं, नोंद करायची ओळ बदलली. नावं सरसर उतरू लागली... आणि लाइट गेली. लाइट आली; प्रोग्राम पुन्हा लावला, तर यादी थांबली होती तिथूनच पुढं निघाली. बाहेर एकच गलका उठला.

हिमांशूनं बॅग उचलली. "निघतो मग..."

"नका जाऊ." तिनं बॅगचा पट्टा धरला. "प्रोग्राम चालून राहिला. तरी... नका जाऊ."

त्यानं बॅग खाली ठेवली. "नोकरीवर तर जावं लागेल, भूमेश्वरी. पण रविवारी येऊ? तुझ्या बाबूजींना भेटायला?"

"रविवारी कायले? ते बाहेर नंबराच्या लाइनीतच उभे आहेत."

हिमांशूच्या कपाळावर घाम आला. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. त्यानं बसकडे पाहिलं, लाइनीकडे पाहिलं... आणि कॉलर सारखी करत लाइनीकडे निघाला.