भुऱ्याची राखण

शेकोटीत लाकूड सारा रे पोट्टेहो, अन् मधात कोणी बोलू नका. हे जलालनं सोता मले सांगतलं. तो खोटं बोलणारा माणूस नाही. जल्मात एकदाच बोलला, अन् तेच त्याले नडलं.

जलाल म्हणजे दिग्रसकडचा मोटारपंपाचा मिस्त्री. त्याच्या वावराच्या धुऱ्याले, बांधाले लागून पुंडलिकरावचं वावर. पुंडलिकराव एकटा जीव. बायको गेलेली, लेकरूबाळ नाही. होता तो भुऱ्या कुत्रा. कुठं जायचं झालं का पुंडलिकराव वावरातल्या झोपडीपुढच्या खाटेवर आपला दुपट्टा ठेवे अन् म्हणे, "राख!" मंग मालकानं सोता दुपट्टा उचलेपर्यंत भुऱ्या जागचा हालत नसे.

पुंडलिकराव डोळ्याच्या आपरेशनले यवतमाळले गेला. दुपट्टा ठेवला, संध्याकाळी येतो म्हणला, पण साखर वाढली अन् दवाखान्यातच ठेवून घेतलं. जलाल रोज भाकर नेई, पाणी नेई. भुऱ्या तोंड लावेना. उचलाले गेला तर चावाले धावे. फोनवर म्हातारा इचारे, "भुऱ्या कसा हाय गा?"

"मजेत हाय, काका."

खरं सांगतलं तर म्हातारा आपरेशन सोडून पळत येईन, असं वाटे त्याले. तिकडे इमानापायी भुऱ्या उपाशी मेला. जलालनं त्याले बाभळीखाली पुरलं, दुपट्ट्यासकट. वर गोटे रचले अन् लय रडला.

पूस महिन्यातली अमावस्या होती. पुंडलिकराव शेवटच्या बसनं उतरला अन् थेट वावरात गेला, असं जलालले कळलं. आता खरं सांगून टाकाचं म्हणून तो टार्च घेऊन निघाला.

कडाक्याची थंडी. तुरीत चिटपाखरू नाही. खाटेवर पुंडलिकराव, डोळ्याले पट्टी. एक हात गुडघ्यापाशी… हवेतच कुरवाळून राह्यलेला.

"काका… भुऱ्या मेला. मी खोटं बोललो."

"काहीतरीच! हा काय, इथंच बसून हाय. नुसती हाडं राह्यली लेकाची."

जलालनं टार्च मारला. तिथं काही नाही.

"काका, घरी चाला."

"घरी कोण हाय माह्यं? यानं माह्यासाठी अन्न सोडलं. याले टाकून येऊ?"

जलालनं त्याचा हात धरला.

गुरगुर.

पायाजवळ. अगदी पायाजवळ…

जलाल पळाला. चपला तिथंच राह्यल्या.

सकाळी चार माणसं घेऊन गेला. पुंडलिकराव तसाच बसलेला. थंडगार. बाभळीखालचे गोटे जसेच्या तसे, एक हाललेला नाही.

अन् म्हाताऱ्याच्या खांद्यावर तोच दुपट्टा… मातीनं भरलेला.