कक्ष एकशे सतरामधली दलदल

जिना चढून आलेल्या माणसाने आधी बूट काढले आणि मगच घंटी वाजवली. सेवेरिनाबाईंनी दार उघडलं, तर समोर साठी ओलांडलेला एक वनपाल हातात बूट धरून उभा होता.

"बूट घाला हो. इथे काही संगमरवर नाही," बाई म्हणाल्या.

सेवेरिना मुखा ही त्या लहानशा पोलिश शहरातली एकमेव खासगी गुप्तहेर. खिडकीशी चहा पीत बसलेला गेर्वाझी त्यांची गाडी चालवायचा. जन्मभर आगगाडीत तिकिटं तपासलेला हा गृहस्थ प्रत्येक प्रकरणात पहिल्याच दिवशी चुकीच्या माणसाकडे बोट दाखवायचा. बाईंना त्याचा फार उपयोग होई.

"मी इग्नात्सी पेल्चार," पाहुणा म्हणाला. "सरकारी ड्रोन चोरीला गेलंय. चोर मीच, असं आमचे साहेब म्हणतात. सोमवारपर्यंत ते मिळालं नाही, तर नोकरी जाईल आणि नोकरीबरोबर खात्याचं घरही. वीसेक वर्षं राहतोय त्या घरात. मला दुसरं घर नाही, बाई. दुसरं कोणीच नाही."

शेवटचं वाक्य तो इतक्या सहजपणे बोलला की गेर्वाझीने चहाचा पेला खाली ठेवला.

"ड्रोन कशासाठी उडवता?"

"पाऊस नाही, त्यामुळे जंगलात प्रवेशबंदी आहे. काडी ओढली तरी गुन्हा. आग लागली तर लवकर कळावी म्हणून उष्णता टिपणारं ड्रोन फिरवतो. इडा नावाची मुलगी ते उडवते. ठरलं होतं सोमवारी, पण सोमवारी वारा सुटणार म्हणून तिने आदल्या संध्याकाळीच, रविवारी उडवलं. हे फक्त मला सांगितलं, कारण हद्द माझी. जंगलाचे आखून कक्ष पाडलेत, त्यातल्या एकशे सतरामध्ये ते झाडाला आपटून पडलं. सकाळी मी शोधायला गेलो तर गायब."

"रविवारी संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"घरी. मधमाश्यांच्या पेट्यांपाशी."

"साक्षीदार?"

"मधमाश्याच," तो म्हणाला, आणि हसला नाही.

तो गेल्यावर गेर्वाझीने लगेच निकाल दिला. "हाच चोर. नजर पाहिलीत? काहीतरी लपवतोय."

"लपवतोय खरं," बाई म्हणाल्या. "गाडी काढा."

वनकचेरीच्या अंगणात इडा भेटली. कोवळ्या वयाची, नखं कुरतडलेली. तिच्या काखेत एक जाडजूड, रबरी कडांचा कॉम्प्युटर होता. दगडावर आपटा नाहीतर ओढ्यात बुडवा, चालतच राहणार, अशा जातीचा.

"चूक माझीच आहे," ती म्हणाली. "पडद्यावर मला एक माणूस दिसला, गुडघे टेकून बसलेला. त्याच्यासमोर टाचणीच्या डोक्याएवढी उष्णता. आग म्हणून मी ड्रोन खाली उतरवलं आणि ते झाडाला धडकलं. इग्नात्सीकाकांनी बजावलं होतं, एकशे सतरामध्ये खाली येऊ नकोस म्हणून."

"का?"

"म्हणाले, तिथली झाडं एका उंचीची नाहीत."

"ड्रोन शोधायला तू स्वतः का नाही गेलीस?"

"काका म्हणाले, दलदलीत रुतशील. हे बघा ना." तिने कॉम्प्युटरवर कक्षाची माहिती उघडली. 'जमीन दलदलीची. तोडणीयंत्र नेऊ नये.' दर वर्षी इग्नात्सीची तीच नोंद आणि तिच्याखाली मोठ्या साहेबांची मंजुरी. "आजूबाजूला सगळीकडे तोडणी झाली, पण एकशे सतराला कोणी हात लावलेला नाही."

बाईंनी जंगलात शिरायचा पास घेतला, गेर्वाझीने गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले आणि दोघं आत शिरले.

बीच जातीच्या उंच झाडांमधून तासभर चालूनही माणसाची चाहूल नव्हती. मग अचानक डोक्यावरचा हिरवा रंग फाटला आणि पांढरा दिसू लागला. नासपतीची म्हातारी झाडं, शेवटच्या बहरात. एकामागे एक, सरळ रांगेत, एखाद्या रस्त्याच्या कडेला असावीत तशी. रस्ता मात्र नव्हता, घरंही नव्हती. पुढे जमिनीवर निळ्या फुलांचा वेल पसरला होता आणि त्याच्या मधोमध दगडी क्रूस उभा होता. त्यावरची अक्षरं पोलिश नव्हती. बाकीचे दगड मातीत बुडाले होते.

"इथे गाव होतं," गेर्वाझी टोपी काढत म्हणाला. "वेगळी भाषा, वेगळं चर्च असलेल्या लोकांचं, युद्धानंतर सरकारने उठवलेलं. माणसं मालगाडीत घालून पार पश्चिमेला नेऊन टाकली. आमच्या रेल्वेतले म्हातारे सांगायचे. गाडीत गाईसुद्धा होत्या म्हणे." मग त्याने पाय आपटले. "पण दलदल कुठाय? उगाच दिवसभर रबरात पाय शिजवले!"

बाई क्रुसापाशी वाकल्या होत्या. दगडाच्या भेगेत पिवळं मेण होतं, जुनं, थरावर थर चढलेलं. त्याला अजून मधाचा वास होता. जमिनीवर मात्र पांढऱ्या, बाजारी मेणाचा ताजा ओघळ होता. त्याच्याभोवती वाळका पाला गोल खरवडून खालची माती उघडी केली होती.

"रानडुकराने उकरलंय," गेर्वाझी म्हणाला.

"डुक्कर इतकं गोल उकरत नाही." बाईंनी वेलातून अंड्याच्या कवचाचा तुकडा उचलला. कांद्याच्या सालीत उकडल्यावर येतो तसा तांबूस. बाजूला नासपतीची मोडकी डहाळी पडली होती. ड्रोन नव्हतं.

परतताना लाकूडगिरणीचा मालक मार्सेल भेटला. एकशे सतराची तोडणी त्याला कधीपासून हवी होती. गेर्वाझीने दुसरा चोर तिथल्या तिथे नक्की केला.

"रविवारी?" मार्सेल खो खो हसला. "पुतणीचा चर्चमधला पहिला प्रसाद होता. अख्ख्या गावासमोर मी जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून घोरत होतो, फोटो आहेत. आणि सोमवारी गिरणी बंद! माझे दोन कामगार पूर्वेकडच्या चर्चचे, जुनं पंचांग पाळणारे. यंदा आपला ईस्टर उरकल्यावर पाच आठवड्यांनी यांचा आला. तेव्हा सुट्टी. पुढच्या रविवारी थडग्यांवर जायचं, मेलेल्यांना अंडी द्यायची, म्हणून सोमवारी परत सुट्टी. त्यांचे मेलेलेसुद्धा माझ्यापेक्षा जास्त खातात, बाई!"

मोठे साहेब लुदोमिर झालेव्स्की कचेरीत एकटेच जेवत होते. इस्त्रीचा गणवेश, भिंतीवर एकही फोटो नाही. टेबलावर पाव, मीठ आणि अर्धं खाल्लेलं अंडं. त्यांनी घाईघाईने कागदी रुमाल वरती टाकला.

"साधी गोष्ट आहे," ते म्हणाले. "रविवारी ड्रोन उडणार हे मलाही कळवलं नव्हतं. माहीत होतं फक्त पेल्चारला. प्रवेशबंदीत आग पेटवली, ड्रोनने टिपलं, म्हणून त्याने पळवलं. वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम."

"एकशे सतरा कसं आहे हो?"

"दलदल," साहेब म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

गाडीत बसल्यावर गेर्वाझीला हसू आवरेना. "कचऱ्याच्या डब्यात तांबडी कवचं पाहिलीत? आपली ईस्टरची अंडी संपून दीड महिना झाला, आणि साहेब अजून रंगवलेली खातायत! एकटा माणूस, कोण सांगणार त्याला?"

बाईंनी त्याच्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की तो गांगरला.

"उद्या सगळ्यांना क्रुसापाशी बोलवा," त्या म्हणाल्या. "मार्सेलला सोडून. तो फार हसतो."

दुसऱ्या दिवशी पाचही जण क्रुसाभोवती उभे राहिले. इग्नात्सी आणि साहेब एकमेकांकडे पाहत नव्हते. इडा कोरड्या जमिनीकडे पाहत होती.

"सगळे म्हणतात, रविवारच्या उड्डाणाची माहिती फक्त इग्नात्सीला होती, म्हणून तो चोर," बाईंनी सुरुवात केली. "मी म्हणते, म्हणूनच तो चोर नाही. डोक्यावरून ड्रोन जाणार हे ज्याला ठाऊक आहे, तो त्याच संध्याकाळी इथे गुडघे टेकून दिवा लावेल का? इथे जो सापडला, तो बेसावध सापडला. त्याच्या हिशेबाने उड्डाण सोमवारी होतं."

"मग मार्सेल!" गेर्वाझी म्हणाला.

"तो घोरत होता. शिवाय मेणाभोवतीची माती बघा. थडग्यावर मेणबत्ती लावायच्या आधी पाला खरवडून उघडी माती करणारा माणूस एकाच जातीचा असतो. वनखात्यातला. आगीची भीती ज्याच्या हाडात आहे असा. आता खात्यातल्या तिघांपैकी इडाला आणि इग्नात्सीला उड्डाण माहीत होतं. 'मला माहीत नव्हतं' असं कोण म्हणालं?"

इडाने साहेबांकडे पाहिलं.

"तो रविवार जुन्या पंचांगाप्रमाणे थडग्यांवर जाण्याचा होता. मेलेल्यांना रंगवलेलं अंडं देतात आणि आपणही खातात. एक कवच इथे वेलात सापडलं. तसलीच कवचं गेर्वाझीने तुमच्या डब्यात पाहिली, साहेब. ड्रोन कुठे आहे?"

"गाडीच्या डिकीत," लुदोमिर झालेव्स्की म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "मोडून ओढ्यात टाकणार होतो. जमलं नाही. त्यात ह्या जागेचे फोटो आहेत ना. माझी आई इथली. मरताना म्हणाली, एकदा हाकललंय आपल्याला, आपण कुठले हे कोणाला सांगू नकोस. मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली सोडून. बंदीच्या हुकमावर सही माझी, आणि मेणबत्ती लावणाराही मीच. दर वर्षी खुणा पुसून जातो, ह्या वेळी घाबरलो आणि ड्रोन घेऊन तसाच पळालो."

"आणि मला घराबाहेर काढत होतात," इग्नात्सी म्हणाला.

"हो."

"थांबा, अजून एक खोटं उरलंय," बाई म्हणाल्या. "ही दलदल. गेर्वाझीचे बूट कोरडे परत आले. वीस वर्षं इग्नात्सी ह्या कॉम्प्युटरमध्ये खोटी नोंद करतोय, म्हणून तोडणीयंत्र ह्या थडग्यांवरून गेलं नाही. भेगेतलं पिवळं मेण त्याच्या मधमाश्यांचं आहे. इडाला त्याने इथे पाय ठेवू दिला नाही. का, इग्नात्सी?"

म्हातारा क्रुसाकडे वळला. "तिसरं घर आमचं होतं, विहिरीजवळ. आई सांगायची. मी शनिवारीच येतो, अंधार पडताना. कोणी भेटू नये म्हणून."

लुदोमिर एक पाऊल मागे सरले. "दलदल नाही हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "मला वाटायचं, हा माणूस आळशी आहे. आत न येताच नोंद करतो. मी देवाचे आभार मानायचो आणि सही करायचो. पिवळं मेण मला दर वर्षी दिसायचं, पेल्चार. पण कोणाला विचारणार?"

इग्नात्सीने बाईंकडे तोंड वळवलं. "मी तुम्हाला पूर्ण खरं सांगितलं नाही. घरासाठी नव्हतो आलो. सोमवारी ड्रोन शोधायला आलो, तेव्हा इथे पांढरं मेण दिसलं. ताजं. वीस वर्षं वाटत होतं, मी शेवटचा. मला फक्त एवढंच कळायला हवं होतं, की दुसरं कोण आहे."

साहेबांनी तोंड ओंजळीत झाकलं. इडा हमसून रडू लागली.

"वरती आजच कळवतो," लुदोमिर हात खाली घेऊन म्हणाले. "ड्रोन मी घेतलं, मेणबत्ती मी लावली. तुमचं घर तुमचंच राहील. माझं काय व्हायचं ते होवो."

"ते नंतर बघू," इग्नात्सी म्हणाला. माफ केल्याचं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. "तुमचं घर कुठलं?"

साहेबांनी काहीतरी उत्तर दिलं, पण पोलिशमध्ये नाही. शब्द अडखळत आला, फार वर्षं न उघडलेल्या दारासारखा.

बाईंनी गेर्वाझीला आणि इडाला खूण केली. तिघं नासपतीच्या रांगेतून परत निघाले. वरून पाकळ्या पडत होत्या.

"काय बोलतायत ते?" गेर्वाझीने थोडं पुढे गेल्यावर विचारलं.

"मला ती भाषा येत नाही," बाई म्हणाल्या.

मागून साहेबांचा आवाज आला, एकच शब्द, पुन्हा पुन्हा. चौथ्यांदा इग्नात्सीने तो दुरुस्त करून सांगितला.