मागील भार

सलीम मुजावरच्या प्रयोगशाळेत मोटारसायकलचा नुसता सांगाडा दोन चिमट्यांत धरून ठेवला होता. टाकी, चाकं, इंजिन सगळं उतरवलेलं. इंदुमतीबाई खराडे समोर स्टुलावर बसल्या होत्या. आण्णांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, जाऊन आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत त्यांना एकदाही रडू आलं नव्हतं. लोक म्हणत, बाई धीराच्या आहेत.

पेट्रोल बंद झाल्यापासून कोल्हापुरातल्या जुन्या गाड्यांना वर्षातून एक मोठा प्रवास आणि उभ्या आयुष्यात एकच फेरबदल, एवढीच परवानगी उरली होती. आण्णांची ही गाडी लेक केतकी हंपीला नेणार होती. फेरबदल कोणता करायचा, ते तिनं आईवर सोपवलं होतं. लांब पल्ल्याची गाडी केली, तर रुंद सीट, टेकायला पाठ, दोन्ही बाजूंना पेट्या, आणि मागे आई. चॉपर केली, तर पुढचं चाक लांब पुढे गेलेलं, उंच हँडल आणि सीट एकच.

आण्णांना जन्मभर चॉपर हवी होती. कारखान्याच्या वहीत मागच्या पानांवर तिची चित्रं काढत बसायचे. इंदुमतीबाई विचारायच्या, मग मी कुठे बसू? की वही मिटायची. आज त्या लांब पल्ल्याच्या गाडीच्या अर्जावर सही करायला आल्या होत्या.

सलीम आण्णांच्याच हाताखाली शिकलेला, आता साठीचा. तो म्हणाला, सहीआधी ताणलेख वाचायला लागतो, कायदाच आहे तसा. इंदुमतीबाईंनी तीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात धातू तपासले होते. त्यांना फार सांगावं लागलं नाही. पोलादावर जोर पडला की आतल्या कणांच्या रांगा केसभर सरकतात आणि परत जागेवर येत नाहीत. ताणवाचक हे यंत्र त्या सरकलेल्या रांगा मोजतं आणि कुठल्या वेळी, कुठे, किती वजन होतं ते सांगतं.

"म्हणजे धातूची आठवण ही त्याची इजाच," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"तसंच की, वहिनी. लांब पल्ल्याची करायची तर अख्खा सांगाडा भट्टीत घालायचा. रांगा परत जुळतात, धातू नवा होतो, लेख पुसला जातो. चॉपरला तसं नाही. मानेचा, हँडल बसतं तिथला, तुकडा कापून नवा जोडायचा, बाकीचं आहे तसं राहतंय."

यंत्र तासभर गुणगुणत राहिलं. मग सलीमनं चष्मा कपाळावर सारला आणि पडद्याकडे बघत हसला. "आण्णा दर रविवारी दगड वाहत होते काय? हे बघा, मागील भार, निर्जीव. एकतीस वर्षं. आणि डाव्या अंगाला झुकलेला, पोतं एका बाजूला लटकवल्यासारखा."

इंदुमतीबाईंनी विचारलं, निर्जीव कशावरून?

तो सांगू लागला. मागे माणूस बसला तर वळणावर त्याचं अंगही थोडं कलतं, लेखात बारीक लाट उठते. पोत्याची लाट उठत नाही. इथे ती कुठेच नव्हती. उलट मानेत चीर होती. प्रत्येक वळणावर चालवणाऱ्यानं सगळा झोक एकट्याच्या हातांनी सांभाळला होता.

वजनाचे आकडे ओळीनं खाली उतरत होते. एकावन्न. त्रेपन्न. केतकी झाली त्या वर्षी काही महिने काहीच नाही. मग अठ्ठावन्न.

दर रविवारी दोघं पन्हाळ्यावर जायची. झुणका-भाकरी खाऊन उन्हं उतरायच्या आत परत. सासूबाईंच्या रीतीप्रमाणे इंदुमतीबाई एका अंगाला बसायच्या, पाय डावीकडे. मागच्या कडीला घट्ट धरायचं, नवऱ्याला नाही. घाटात आण्णा ओरडून सांगायचे, माझ्याबरोबर कल जरा. त्या ताठ बसायच्या.

"ते पोतं मी आहे, सलीम," त्या म्हणाल्या.

सलीमनं चष्मा खाली घेतला. म्हणाला, हे यंत्र बनवणाऱ्या पोरांनी साडीतली बाई एका अंगाला बसलेली बघितलीच नसणार. चूक यंत्राची आहे.

इंदुमतीबाई तपासल्याशिवाय काही मान्य करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सांगाडा डोलपाटावर चढवायला लावला. हा पाट घाटातल्या वळणांसारखा हलायचा. मागे फळी ठेवून त्या एका अंगाला बसल्या. पडद्यावर उमटलं: मागील भार, निर्जीव.

"बघा, यंत्राचीच चूक, मी म्हणलो नव्हतो?" सलीम म्हणाला.

मग त्यांनी पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही बाजूंना पाय टाकून बसल्या. सलीम भिंतीकडे बघू लागला. पाट हलला. त्यांनी डोळे मिटले, पन्हाळ्याच्या घाटातलं, वाघबीळच्या पुढचं वळण आठवलं आणि अंग सैल सोडलं. आपण कललो, असं त्यांना स्पष्ट वाटलं. डावीकडे, मग उजवीकडे. सहा वळणं झाली.

त्यांनी डोळे उघडले. मागील भार, निर्जीव.

सलीमनं पाट थांबवला. एकदा बघून काय कळतंय, परत घेऊ, म्हणाला. त्यांनी नको म्हणून मान हलवली. त्या सावकाश उतरल्या आणि निऱ्या सारख्या केल्या. काही वाटेल म्हणून थोडा वेळ थांबल्या. भट्टीत धातू सगळं विसरला असता, पण मागे बसणारी बाई तीच राहिली असती, आणि या खेपेला झोक सांभाळणारे हात केतकीचे असते.

"चॉपर कर," त्या म्हणाल्या आणि अर्ज पुढे ओढला.

"आणि हंपीला? केतकी तर म्हणत होती आई मागं असणार म्हणून."

"तिला सांग, मी रेल्वेनं येते."