वरच्या खोलीतली खुर्ची

दिवा राहू दे चालू, मला काही फरक पडत नाही. तुम्हालाच पडेल. आणि मध्येच मोबाइलमध्ये डोकं घालणार असाल, तर आत्ताच उठा.

ही माझ्या मित्राची गोष्ट. बस डेपोत कामाला, म्हणून आम्ही त्याला 'टाइमटेबल' म्हणायचो. सकाळी कुठल्या ड्रायव्हरने कुठली बस काढायची, तो तक्ता याने करायचा. बायको आजारी पडल्यापासून तो घरूनच काम करायचा. म्हणजे कॉम्प्युटर डेपोच्या वरच्या कुलूपबंद खोलीत, आणि हा घरी बसून लॅपटॉपवरून तो चालवणार.

बायको बुटकी. कुठल्याही खुर्चीवर बसली की पाय लोंबकळायचे. ती म्हणायची, "तुमची ती डेपोतली वरखाली होणारी खुर्ची एकदा दाखवा की हो." हा म्हणायचा, "खुर्चीत काय बघायचंय?" ते राहिलंच. मार्चमध्ये ती गेली.

हा रडला नाही. वेळेवर जेवायचा, वेळेवर झोपायचा. आम्हाला वाटलं, गडी खंबीर आहे. खंबीर कसला, आतून बधिर झाला होता. दोनदा तक्ता पाठवायचाच विसरला. साहेबांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर कायमचे घरी बसा. आणि त्या कामाशिवाय घरात त्याला आता काही उरलं नव्हतं.

मे महिन्यातला मंगळवार. रात्रीचा पाऊण वाजलेला. तक्ता करायला बसला आणि पासवर्ड आठवेना. रोज बोटं आपोआप चालायची, त्या दिवशी ती थांबलीच. चुकत गेला, शेवटी मशीनने दारच बंद केलं.

त्याने रात्रपाळीच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, नवा पासवर्ड देतो. पण तुमचं मशीन अडकलंय. तिथे जाऊन कोणीतरी बटण दाबून बंद-चालू करायला हवं."

याने डेपोच्या वॉचमनला उठवलं. तो कुरकुरत "जातो" म्हणाला.

थोड्याच वेळात कॉम्प्युटरवाल्याचा फोन. "झालं काका. दाबलं बटण त्यांनी."

नवा पासवर्ड चालला. स्क्रीन उघडला. याने आभार मानायला वॉचमनला फोन केला.

"आभार कसले, साहेब? मी अजून खालीच आहे. किल्ली सापडेना."

"मग वर कोण आहे?"

"वर कुलूप आहे..." वॉचमन थांबला. "साहेब... खिडकीत उजेड दिसतोय."

टाइमटेबलने स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवरचा बाण हलत होता. याचे हात मांडीवर.

बाण सरकला... चुकला... मागे आला. माऊस कधी हातात न धरलेल्या माणसाचा सरकतो, तसा. तक्त्याच्या फायलीवर आला. थांबला.

फाईल उघडली.

"बसलीस का नीट?" याने विचारलं.

बाण हलला नाही...

भीती वाटली नाही, असं तो सांगतो. काहीच वाटलं नाही. तक्ता केला, पाठवला आणि सकाळी डेपोत गेला. रात्री वॉचमन काही वर गेला नव्हता. तुम्ही गेला असतात?

कुलूप याच्यासमोरच काढलं. टेबलावर कित्येक महिन्यांची धूळ. माऊसवरही. दिवा बंद. सगळं जिथल्या तिथे.

फक्त खुर्ची.

हा सहा फुटी माणूस, त्याची खुर्ची कायम वर चढवलेली. ती पार खाली आणलेली होती.

तो बसला. गुडघे छातीशी आले.

"वर करून देऊ?" वॉचमनने विचारलं.

"राहू दे," हा म्हणाला, आणि मार्चपासूनचं सगळं रडला.

आता तो रोज डेपोत जातो. मी बघून आलोय. खुर्ची अजून खालीच आहे, आणि हा गुडघे वर घेऊन तक्ता करतो.