नावातला खडा

"माझ्या मुलीला ताईचंच नाव ठेवणार!" धाकटीने जन्मनोंदणीचा कागद टेबलावर ठेवला आणि थोरलीची सुई काजाच्या मधेच थांबली...

"माझं? लसणी?" ती ताडकन उठली. "वीस दिवसांच्या लेकरावर कसला सूड उगवतेस गं?"

"सूड?" धाकटी गोंधळली. "लोकांच्या शर्टांना काजं करून तू मला शिकवलंस, स्वतःचा संसारही मांडला नाहीस... म्हणून तर ताई!"

थोरलीला काही उमगेना. हे प्रेम, की थट्टा? शाळेत मुली विचारायच्या, "किती पाकळ्या गं तुला?" त्या हसण्याला विटून तिने चौथीतच दप्तर टाकले, आणि पुढे आईवेगळ्या घराचा भार उचलताना एकच प्रश्न काळजात रुतून राहिला : धाकटीला हिरा म्हणणाऱ्या बापाने आपल्याला फोडणीत का ढकलले? बापाने एकदाच नाव ठेवले, जग मात्र जन्मभर नावे ठेवत राहिले!

"बाबा, माझ्यात काय उणं होतं हो? हिला हिरा, आणि मला लसूण!"

खाटेवरचे बाबा भांबावले. रत्नांचे खडे घासता घासता त्यांची दृष्टी कधीच गेली होती.

"लसूण?... अगं, लसण्या! खडा असतो तो. शिकलेले लोक वैदूर्य म्हणतात. मधाच्या रंगाचा, जरा हलवला की आत उजेडाची रेघ सरकते, मांजराच्या डोळ्यासारखी. तू घारे डोळे उघडलेस आणि तुझी आई म्हणाली, हा तर तुमचा लसण्याच! मुलगी, म्हणून लसणी."

"पण खड्याला लसण्या का म्हणतात?"

"लसणाच्या पाकळीसारखी झाक असते ना त्याला..."

"म्हणजे लसूण आहेच की!" हसावे की रडावे, तिला कळेना. "इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"घरात सगळ्यांना ठाऊक होतं गं!"

"सगळे म्हणजे कोण?"

"मी..." बाबा चाचरले, "आणि तुझी आई."

थोरलीने कागद धाकटीकडे सरकवला. "वैदूर्या लिही. शाळेत कुणी हसायला नको."

"एवढं लांब नाव हाकेला कसं परवडेल?" बाबा पुटपुटले. तेवढ्यात बाळाने टाहो फोडला. म्हातारा हातांनी चाचपडत पुढे झाला...

"उगी, लसणी, उगी! रडायचं नाही हं!"

"नाही रडत हो, बाबा," थोरली डोळे टिपत म्हणाली.

बाबा तर बाळाशी बोलत होते!